परीक्षेच्या पॅडची गिटार

मुलांनो, परीक्षेला जाताना तुम्ही जे तपकिरी पॅड नेता, ते एकदा उलटंपालटं करून नीट पाहा. वरची बाजू गुळगुळीत, खालची जाळीसारखी खडबडीत, आणि डोक्यावर एक चिमटा. आजोबांच्या फोटोच्या फ्रेमला मागून हीच फळी असते. तिला हार्डबोर्ड म्हणतात. विल्यम मेसन नावाच्या अमेरिकन माणसाने १९२० च्या दशकात मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी ती बनवायची युक्ती काढली. लाकूड कापून झाल्यावर गिरणीत जे तुकडे वाया जात, ते त्याने एका भक्कम टाकीत वाफेच्या प्रचंड दाबाखाली कोंडले. मग दाब एकदम सोडून दिला! तुकड्यांचा अक्षरशः स्फोट होऊन त्यांचे कापसासारखे तंतू सुटे झाले. ते तापवून, दाबून त्याने फळी केली. म्हणजे टाकाऊतून टिकाऊच म्हणा ना.

आता मला सांगा, या फळीची गिटार होईल का?

मी हा प्रश्न माझ्या पाचवीच्या वर्गात विचारला होता. उत्तरं काय आली? “बाई, मोडेल!” “बाई, पावसात फुगेल!” एक जण म्हणाला, “बाई, होईल, पण वाजणार नाही.”

पण ती झाली. वाजली. आणि तिचा आवाज मिळावा म्हणून एका नावाजलेल्या वादकाने तसल्या तीन-तीन गिटारी विकत घेतल्या. ती गोष्ट सांगतेच, पण त्याआधी बेस गिटार म्हणजे काय ते बघू.

नेहमीच्या गिटारीला सहा तारा असतात. बेस गिटारीला बहुधा चारच, पण चांगल्या जाड. गिटारीच्या खालच्या चार तारा जिथे लावतात, त्याहून बरोबर एक सप्तक खाली या लावलेल्या असतात. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. एवढा खालचा सूर कानांपेक्षा छातीलाच आधी कळतो. मिरवणुकीत ढोल जवळून गेला की पोटात कसं धडधडतं? तसंच, फक्त सुरात.

पूर्वी हे खालचे सूर वाजवायला डबल बेस नावाचं वाद्य असे. व्हायोलिनचं थोरलं भावंड! माणसापेक्षा उंच, उभं धरून वाजवायचं. गाडीत मावायचं नाही, आणि ढोल-गिटारींच्या दणक्यात ऐकूही यायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा एक गृहस्थ होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण १९५१ साली त्याने गळ्यात अडकवायची, विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. दांडीवर सतारीसारखे पडदे, म्हणजे बोट त्या जागी दाबलं की सूर अचूक. तारांखाली लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की या वेढ्यांत विजेचा इवलासा प्रवाह तयार होतो. तोच ऍम्प्लिफायरमध्ये मोठा होऊन आपल्याला ऐकू येतो.

सोय तर झाली. पण चांगलं वाद्य प्रत्येकाला परवडतं कुठे? मग काही कारखानदार म्हणाले, आपण स्वस्त करू. आणि इथून खरी गंमत सुरू होते.

न्यू जर्सी राज्यात नेथन डॅनियल यांचा डॅनेलेक्ट्रो हा कारखाना होता, १९४७ साली सुरू झालेला. सिअर्स नावाची एक बडी कंपनी जाडजूड कॅटलॉग छापून टपालाने घरोघरी माल विकायची. तिच्यासाठी डॅनियल स्वस्तातल्या गिटारी बनवत. शेतावर राहणाऱ्या पोराने कॅटलॉगमध्ये चित्र बघावं, पैसे साठवावेत, आणि पोस्टाने गिटार यावी! एका संचात तर गिटारीच्या पेटीतच ऍम्प्लिफायर बसवलेला असे.

डॅनियल यांनी पैसे कुठे वाचवले बघा. भारी लाकडाचं भरीव अंग करण्याऐवजी त्यांनी साध्या लाकडाची चौकट केली आणि तिला पुढून-मागून हार्डबोर्ड लावला. होय, आपल्या पॅडचाच! कडेची फट दिसू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली. लोहचुंबक आणि तांब्याचे वेढे ठेवायला धातूची डबी हवी होती. ती कुठून आणली असेल? लिपस्टिकच्या नळ्या! लिपस्टिकवाल्यांकडच्या जादा झालेल्या नळ्या त्यांनी घेतल्या आणि त्यांत वेढे बसवले. हे सांगितल्यावर वर्गात जो हशा पिकला, तो पाच मिनिटं थांबेना.

पण एका जागी त्यांनी हात आखडला नाही. दांडीच्या पोटात पोलादाच्या पट्ट्या घातल्या. बेसच्या जाड तारा दांडीला सतत ओढत असतात. दांडी वाकली तर संपलंच. अंग पॅडचं चालेल, पण कणा मजबूत हवा, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अंग पोकळ आणि वेढे नळीत, यामुळे या गिटारींचा आवाज काही वेगळाच निघाला. झणझणीत, ठणठणीत. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये डबल बेसच्या जोडीला डॅनेलेक्ट्रोची सहा तारांची बेस वाजवू लागले. तिच्या टिकटिकीवरून तिला ‘टिक-टॅक बेस’ असंच नाव पडलं.

आता त्या तीन गिटारींची गोष्ट. १९६५ साल. लंडनमध्ये ‘द हू’ नावाचा बँड गाजत होता. त्यात जॉन एंटविसल बेस वाजवायचा. ‘माय जनरेशन’ या गाण्यात त्याला एकट्याने वाजवायचा तुकडा होता आणि तिथे त्याला डॅनेलेक्ट्रोचाच आवाज हवा होता. त्याने तिची बेस घेतली. तिचं अंग कसं? आपल्या खिलार बैलाच्या शिंगांसारखी दोन लांब शिंगं वर आलेली! वाजवता वाजवता तार तुटली. दुकानात गेला, तर तसली सुटी तार मिळेना. मग काय, एका तारेसाठी अख्खी दुसरी गिटार घेतली. तिचीही तार तुटली. तिसरी घेतली. तिचीही तुटली! तोवर दुकानातल्या गिटारीच संपल्या. शेवटी त्याने तो तुकडा दुसऱ्याच कंपनीच्या बेसवर वाजवला. ही हकिगत त्याने स्वतः पुढे मुलाखतींत सांगितली आहे. स्वस्तातलं महागात पडणं म्हणतात ते हे!

दुसरी गोष्ट जर्मनीतली. तिथल्या हॉफनर घराण्याचा धंदा व्हायोलिनचा. वॉल्टर हॉफनर यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर बेस गिटार केली, तीसुद्धा व्हायोलिनच्याच आकाराची, पोकळ आणि हलकी. १९६१ साली हँबुर्ग शहरात एक इंग्रज पोरगा ती घ्यायला दुकानात गेला. त्या वेळी फेंडरची बेस सुमारे १०० पौंडांना पडायची आणि ही साधारण ३० पौंडांना. शिवाय पोरगा डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार उलटी धरली की बेढब दिसते. हिच्या दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे उलटी धरली तरी शोभली असती. हा पोरगा म्हणजे बीटल्समधला पॉल मॅकार्टनी. पुढे जग ज्याच्या नावाने वेडं झालं, त्याने खिशाला परवडली म्हणून आणि हाताला बसली म्हणून ती निवडली. १९७२ साली ती लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेली. पुढे पॉलने किती पैसा मिळवला! नवी बेस त्याला सहज मिळत होती, आणि तो दुसऱ्या बेस वाजवतही होता. तरी त्या पहिलीचा शोध सुटला नाही. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं, की ती सापडली आणि त्याच्याकडे परत आली. ५१ वर्षांनी!

तिसरा देश जपान. महायुद्धात देश बेचिराख झालेला. १९४६ साली टोकियोत टाइस्को नावाची कंपनी निघाली. १९६० च्या दशकात तिच्या आणि तिच्यासारख्या इतर जपानी कारखान्यांच्या गिटारी जहाजं भरभरून परदेशी जाऊ लागल्या. गंमत म्हणजे कित्येक गिटारींवर बनवणाऱ्याचं नाव नसेच. जे दुकान विकणार त्याचं नाव. आकार एकेक विचित्र, बटणं गरजेपेक्षा जास्त, चकचकीत पत्रे लावलेले. १९६७ साली पियानो बनवणाऱ्या कावाई कंपनीने टाइस्को विकत घेतली. आज मोठमोठे वादक या जुन्या स्वस्त गिटारी हौसेने शोधत फिरतात. का? तर तो आवाज आणि ते रूप नव्या वाद्यात सापडत नाही म्हणून.

माझ्या मामाची बेस अशीच होती. नावाची पट्टी कधीच गळून पडलेली. मामा म्हणायचा, “जपानीच असणार, बटणं बघ की किती!” मामा दिवसा कारखान्यात कामाला आणि गणपतीत, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात. त्या काळी परदेशी वाद्यांवर आयात कर भारी. नवीन घेणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मुंबईच्या एका वादकाकडून त्याने ती जुनीच घेतली होती. रेडिओवर आर. डी. बर्मन यांची गाणी लागली की तो कान लावून बसायचा. बर्मनदांकडे टोनी वाझ बेस वाजवत. मामा त्यांचे तुकडे ऐकून ऐकून बसवायचा. आम्ही पोरं कार्यक्रमाला जायचो, तर गाणारे पुढे झगझगीत कपड्यांत आणि मामा मागे अंधारात. “मामा, तू दिसतच नाहीस,” म्हटलं की म्हणायचा, “मी थांबलो की बघ!”

२०१९ साली मामा गेला. वर्षभराने मामींनी घर आवरायला काढलं. भंगारवाल्याने बेसचे दोनशे रुपये सांगितले. मामींनी मला विचारलं, “ठेवून करायचं काय गं? तिच्यावर नावसुद्धा नाही.” मी काही न बोलता ती उचलून घरी आणली. आता मात्र प्रश्न पडला. नुसत्या नव्या तारांचा संच अठराशे रुपयांना होता. भंगाराच्या नऊपट! महिनाअखेर होती. घरातल्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण बघितलं मात्र तसंच.

मी ती घेऊन मिरजेला गेले. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर तिथे तंतुवाद्यं बनवू लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्या बनवत आले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथले एक चाचा भोपळा घासत बसले होते. त्यांनी बेस हातात घेतली, एक डोळा मिटला आणि दांडीवरून नजर टाकली, आपण फूटपट्टी सरळ आहे का बघतो तशी. म्हणाले, “जरा बाकलीय, पण पिळवटलेली नाही. निघंल.” मग अंगावर टिचकी मारली आणि हसले. “लाकूड सामान्य आहे, पण सांधा बघा. ज्यानं कुणी जोडलाय त्यानं मन लावून जोडलाय.” मी पाहिलं, तर जिथे दांडी अंगात शिरते तिथे ब्लेड घालायलाही फट नव्हती. साठेक वर्षांपूर्वी दूर कुठेतरी कारखान्यात बसलेल्या, नाव कधीच न छापलेल्या माणसाचं ते काम!

चाचांनी घोडी घासून उतरवली, पडद्यांची टोकं कानशीने गोल केली. वायरिंग आमच्या गल्लीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी जोडून दिलं. बेस वाजू लागली.

पण मुलांनो, जुनं ते सोनं म्हणायची घाई करू नका हं. हिच्या खोड्या मी रोज सोसते. खुंट्या सरकतात, दर दोन गाण्यांनी सूर लावावा लागतो. घोडीवर लाकडाची एकच पट्टी आहे, त्यामुळे दांडीवर वर वर गेलं की सूर थोडे हटतात. ट्यूबलाइट लावली की ऍम्प्लिफायर भुंग्यासारखा गुणगुणतो. तारा दांडीपासून उंच आहेत, दाबताना बोटं दुखतात. हे सगळं पैसे वाचवण्यातून आलेलं आहे. म्हणून मी स्वस्त वस्तू बघताना एक प्रश्न विचारते: याने काटकसर कुठे केली? अंगावर केली असेल तर चालतं, कधी कधी त्यातून नवाच आवाज निघतो. कण्यावर केली असेल, तर ती वस्तू नको.

आता शेवटची हकिगत. आमच्या वर्गात एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. उंच, म्हणून नेहमी मागच्या बाकावर. गणवेश मोठ्या बहिणीचा, दप्तर चुलतभावाचं. कुणी ते बोलून दाखवलं की ती दप्तर बाकाखाली सरकवते. स्नेहसंमेलनात नाव घालू का म्हटलं, तर मान हलवून नाही. मी बेस शाळेत नेली त्या दिवशी सगळी मुलं बटणांवर तुटून पडली. ही मागे थांबली. सगळे गेल्यावर हळूच येऊन तिने जाड तार ओढली, आणि दचकून छातीवर हात ठेवला!

“बाई, ही जुनी आहे?”

“हो. माझ्यापेक्षाही.”

“मग तुम्ही शाळेत कशी आणलीत?”

हा प्रश्न दप्तराचा होता, हे मला कळलं. मी तिला चाचांनी दाखवलेला सांधा दाखवला. तिने त्यावरून नख फिरवून पाहिलं. मग म्हणाली, “मला शिकवाल?”

तारा उंच, तिची बोटं नाजूक. मग आम्ही एक युक्ती केली. समूहगीत पांढरी सहामध्ये बसवलं. बेसची दुसरी तार मोकळी छेडली की त्या पट्टीचा सा मिळतो आणि सगळ्यात जाड तार छेडली की खालचा पंचम. काही दाबायलाच नको! तंबोऱ्यात तरी काय, पंचम आणि षड्जच तर असतात. महिनाभर ती मधल्या सुट्टीत सा आणि पंचम वाजवत होती. डबा खाऊन लगेच यायची.

संमेलनात तिला मागच्याच रांगेत उभं केलं, कारण वायर तिथवरच पुरत होती. गाणं छान रंगलं. दुसऱ्या कडव्यात कुणाचा तरी पाय लागून वायरची पिन निसटली आणि बेस बंद पडली. आणि काय झालं माहीत आहे? पुढच्या वीस मुलांचे आवाज एकदम विस्कटले. कुणी वर गेलं, कुणी लय सोडली. गाता गाता तिघं-चौघं मागे वळून बघायला लागली. हिने खाली वाकून पिन घातली, दोन मात्रा थांबली, आणि बरोबर समेवर सा दिला. गाणं पुन्हा उभं राहिलं.

मामी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या बराच वेळ उठल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, “तीस वर्षं त्यांचे कार्यक्रम बघितले गं. ते नक्की काय वाजवतात, ते मला आज कळलं.”

पालकांनाही दोन शब्द सांगते. मूल वाद्य मागतं तेव्हा आपण एकतर महागडं आणून देतो आणि ते कोपऱ्यात पडतं, नाहीतर परवडत नाही म्हणून विषयच बंद करतो. मधलाही एक रस्ता आहे. ओळखीत, जुन्या बाजारात, जाणकाराला सोबत नेऊन बघा. दांडीवरून एक डोळा मिटून नजर टाका, सरळ आहे ना? खुंटी पिळून पाच मिनिटं थांबा, सूर तिथेच आहे ना? गिटार असेल तर तार मोकळी छेडा, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. तोच सूर बरोबर एक सप्तक वर यायला हवा. एवढं जमलं तर रंग उडालेला असू दे, नाव पुसलेलं असू दे. बेसच हवी असेल तर आखूड दांडीची घ्या. फेंडरच्या बेसची तार सुमारे ८६ सेंटिमीटर लांब असते, आखूड दांडीच्या बेसची ७६ च्या आसपास. लहान हातांना हा फरक फार मोठा.

आणि मुलांनो, तुम्ही या रविवारी एक करा. आवडतं गाणं लावा आणि गाणाऱ्याकडे मुद्दाम लक्ष देऊ नका. सगळ्यात खाली, हळू पावलांनी कोण चाललंय ते शोधा. पहिल्यांदा सापडणार नाही. तिसऱ्यांदा सापडेल. एकदा सापडला की मग तो आवाज तुम्हाला प्रत्येक गाण्यात ऐकू यायला लागेल.

आमच्या वर्गातल्या त्या मुलीने आता तिसऱ्या तारेची मागणी केली आहे. म्हणते, “बाई, दुखू देत बोटं, मला मध्यम पण पाहिजे.” मी तिला सांगितलं, तिसरी तार मोकळी सोडली की मध्यमच वाजतो, दाबायला नकोच! ते ऐकून ती जी पळाली, ती थेट बेसकडे.